करपलेलं पातेलं: घासणी हातात घेण्याआधी

दर जूनला कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत आणि विद्यापीठाच्या आसपास नवी पोरं-पोरी खोल्या घेतात. घरून दोन पातेली, एक कुकर, एक तवा आणि आईनं डब्यात भरून दिलेला कांदा-लसूण मसाला आलेला असतो. महिनाभरात त्यातलं एखादं पातेलं बुडातून काळंठिक्कर होतं. मग मालकीणकाकूंकडून तारेची घासणी मागून आणायची आणि अर्धा तास मोरीत घासत बसायचं. शेवटी करप तशीच राहते, पातेल्याला चरे पडतात आणि बोटं सोलतात.

मी काही वर्षं एका खानावळीच्या स्वयंपाकघरात काढली. तांबडा-पांढरा रस्सा रोजचा, त्यामुळं बुडाला लागलेली भांडीही रोजचीच. तिथल्या भांडी घासणाऱ्या मावशी कधी जोर लावताना दिसायच्या नाहीत. करप आधी सैल करायची आणि मग पुसून काढायची, ही त्यांची पद्धत. ती सैल कशानं होणार हे दोन गोष्टींवर ठरतं: भांडं कशाचं आहे आणि आत काय जळलंय. एवढं बघितलं की बाकीचं काम पाणी, सोडा आणि रात्र करते.

१. गॅस बंद करा आणि वरचं अन्न वाचवा

जळका वास आला की पहिल्यांदा हात पळीकडं जातो. थांबा, ढवळू नका. ढवळलं की खालची करप वर येते आणि सगळी भाजी कडू होते. गॅस बंद करा आणि वरचं अन्न अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. खरवडायचं नाही, जेवढं आपोआप येईल तेवढंच घ्यायचं. पांढरा रस्सा, खीर आणि दूध यांत जळका वास लगेच उतरतो. तांबड्या रश्शात मसाला तो थोडाफार झाकून घेतो.

आता रिकामं भांडं तापलेलं असताना त्याच्यावर गार पाणी सोडू नका. पातळ बुडाचं स्टील आणि निर्लेप तवा यानं वाकतो, आणि वाकलेलं बूड गॅसवर एकाच जागी टेकून पुढच्या वेळी तिथंच करपतं. आत तेल असेल तर पाणी अजिबात नाही. ते उडून अंगावर येतं, भडकाही होऊ शकतो. पाच-दहा मिनिटं निवू द्या, मग कोमट पाणी घाला.

मात्र निवल्यावर ‘उद्या बघू’ म्हणून कोरडं ठेवू नका. पाणी घालून ठेवायला काहीच कष्ट लागत नाहीत, आणि ओली करप वाळलेल्या करपेपेक्षा कितीतरी लवकर निघते. नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर एक बादली राखून ठेवत जा.

२. भांडं कशाचं आहे ते ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं नुकसान इथंच होतं. जो सोडा स्टीलला तारतो तोच जर्मनच्या भांड्याला मारतो.

स्टील: चकचकीत, हाताला जड, आतून गुळगुळीत. सोडा, लिंबू, चिंच सगळं सोसतं.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हिंडालियमही त्यातलंच: हलकं आणि करडं-पांढरं. बरेच कुकर, चहाची पातेली आणि खानावळीतले मोठे टोप याचे असतात. काळ्या-करड्या रंगाच्या हार्ड ॲनोडाइज्ड कढयाही आतून ॲल्युमिनियमच. सोडा चालत नाही.

लोखंडी कढई आणि बिडाचा तवा: लोहचुंबक घट्ट चिकटतं. काही स्टीललाही चिकटतं, म्हणून रंग आणि वजनही बघा. भिजत ठेवायचं नाही.

निर्लेप: आत काळा, गुळगुळीत थर. काहीही टोकदार लावायचं नाही.

पितळ, तांबं: आतून पांढरी झाक असेल तर कल्हई आहे.

३. काय जळलंय?

दूध, खीर, बासुंदी: प्रथिनं, साखर आणि दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम. सगळ्यांत चिवट.
भात, पुरण, पिठलं: पिठूळ पदार्थ. पाण्यात फुगतात, त्यामुळं सोपे.
गुळाचा किंवा साखरेचा पाक: अर्धवट जळला असेल तर नुसत्या गरम पाण्यात विरघळतो, घासायची गरजच नाही. पूर्ण कोळसा झाला असेल तर मात्र पाचवी पायरी.
रश्शाचं तेल, फोडणी, तळण: भांड्याच्या कडेला तपकिरी, चिकट, लाखेसारखा थर बसतो. पाण्याला हा दाद देत नाही.

४. सामान

हे सगळं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. लक्ष्मीपुरीत गेलात तर स्वस्त पडेल, पण एका पातेल्यासाठी तिथवर जायची गरज नाही.

• खाण्याचा सोडा
• धुण्याचा सोडा: हा वेगळा आणि जास्त तिखट, फक्त स्टीलसाठी
• लिंबूसत्व, नाहीतर चिंच किंवा पिळलेल्या लिंबाची सालं
• पांढरं व्हिनेगर, असलं तर
• भांड्यांचं लिक्विड
• लाकडी उलथनं, किंवा सपाट कडेचा जुना लाकडी चमचा
• नारळाचा काथ्या आणि हिरवी घासणी
• रबरी हातमोजे

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर नावं लिहा. खोलीत चार जण राहत असतील तर हे कराच. कुणीतरी एक दिवस ढोकळा करायला घेणार.

गावाकडून येणं-जाणं असेल तर चुलीची किंवा गुऱ्हाळाची चाळलेली राख आणा. राखेत क्षार असतात, ते तेल सोडवतात, आणि तिचे बारीक कण घासण्याचं काम करतात. स्टीलच्या रोजच्या भांड्यांना मला अजूनही राख आणि काथ्याच आवडतो.

५. स्टीलचं पातेलं: सोड्याचं उकळतं पाणी

दहातल्या नऊ करपा इथं संपतात, म्हणून नीट करा.

करप बुडेल आणि वर दोन बोटं राहील इतकं पाणी घाला. एक लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा. सोडा गार पाण्यातच घाला. उकळत्या पाण्यात टाकला की फेस उसळून शेगडीवर येतो. आता मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळू द्या. उकळताना सोड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी हळूहळू जास्त क्षारयुक्त होतं. म्हणून नुसतं सोड्यात भिजवण्यापेक्षा उकळणं जास्त लागू पडतं.

मधूनमधून लाकडी उलथन्यानं बुडाशी ढकलून बघा. करपेचे पापुद्रे उचलायला लागले की गॅस बंद करा. पाणी चहाच्या रंगाचं झालं असेल तर काम चालू आहे असं समजा. आता झाकण ठेवून रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी ते पाणी ओतून टाका. बरीचशी करप त्याच्याबरोबरच जाईल. उरलेल्या ठिपक्यांवर खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट लावा, हिरव्या घासणीनं स्टीलच्या रेघा ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं घासा. गोल गोल घासलं की चरे उठून दिसतात.

तरीही काळा गोल राहिला तर हेच परत करा, या वेळी धुण्याचा सोडा, एक मोठा चमचा एक लिटरला. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. हे पाणी कातडीला आणि डोळ्यांना चांगलं नाही. एकाच दमात सगळं काढायचा हट्ट धरू नका. दोन रात्रींत जे आपोआप निघतं ते एका दुपारी घासून निघत नाही.

६. दूध लागलं असेल तर

कोल्हापुरात राहायला आलात म्हणजे हे होणारच. इथं दूध म्हणजे म्हशीचं, आणि गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं दूध एकदा प्यालात की पिशवीतलं पाणचट लागायला लागतं. पण म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि घट्टपणाही जास्त. ते मोठ्या आचेवर ठेवून मोबाइल बघत बसलात तर बुडाला लागणारच.

दूध सत्तर अंशांच्या वर तापलं की त्यातल्या निवळीची, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली, प्रथिनं उलगडतात आणि गरम बुडाला चिकटतात. त्यांच्या थरात दुधातली साखर तपकिरी होते आणि चुन्याचे क्षारही अडकून बसतात. म्हणून दुधाची करप दुपदरी असते. नुसता सोडा वापरलात तर वरचा काळा भाग निघतो आणि खाली पांढुरका, खरखरीत थर राहतो. नुसतं लिंबू वापरलंत तर वरची करप हलत नाही.

क्रम असा ठेवा. आधी पाचव्या पायरीतलं सोड्याचं पाणी, मग पातेलं स्वच्छ धुऊन घ्यायचं, आणि त्यानंतर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घालून दहा मिनिटं उकळायचं. सोड्यानं प्रथिनं आणि चरबी सुटते, आंबटानं चुना विरघळतो. दूध डेअऱ्यांतही टाक्या आणि पाइप याच क्रमानं धुतात, आधी क्षार आणि मग आम्ल. आपल्याकडं फक्त डेअरीचा पंप नाही.

एक सांगते: मंद आचेवर आटवलेल्या दुधाची फिकट बदामी खरवड म्हणजे करप नव्हे. ती धुऊ नका. पिठीसाखर भुरभुरून चमच्यानं खरवडून खा.

पुढच्या वेळी दूध तापवताना आधी पातेलं गार पाण्यानं विसळून घ्या आणि न पुसताच त्यात दूध ओता. घरोघरी हे सांगतात आणि फरक पडतो. पण खरा फरक जाड बूड, मध्यम आच आणि ढवळत राहणारा हात यांनीच पडतो.

७. जर्मनचं पातेलं आणि कुकर

सोडा नाही. खाण्याचा उकळूनही नाही, धुण्याचा तर नाहीच. ॲल्युमिनियमवर हवेनं आपोआप एक पातळ संरक्षक थर बसलेला असतो. सोडा तो थर विरघळवतो आणि खालचा धातू खायला लागतो. पाण्यात बारीक बुडबुडे दिसतात, लोकांना वाटतं करप निघतेय. निघतो तो पातेल्याचा धातू, आणि भांडं काळपट, खडबडीत होतं.

इथं गरम पाणी, लिक्विडचे चार थेंब, मंद उकळी आणि लाकडी उलथनं. तेवढ्यानं जे निघेल ते काढा. मग पाण्यात मूठभर चिंच किंवा दोन-तीन लिंबांची सालं टाकून पंधरा मिनिटं उकळा. आतलं काळपटपण यानं जातं.

जाड करप तरीही राहिली तर खानावळीतली युक्ती: पातेलं कोरडं करून गच्चीत उलटसुलट उन्हात ठेवायचं, चार-पाच दिवस. करप वाळून आकसते, तिचे पापुद्रे उठतात आणि उलथन्यानं टवके निघतात. पहिल्या पायरीत ओलं ठेवा म्हणाले होते, ते पाण्यानं निघण्याजोग्या ताज्या करपेसाठी. कोळसा झालेल्या जर्मनच्या भांड्याला ऊन बरं. एप्रिलमध्ये हे छान जमतं, जुलैमध्ये कोल्हापूरच्या पावसात विसरा.

कुकर आतून काळा पडतो तो बऱ्याचदा करपेनं नाही, नुसत्या पाण्यानं. म्हणून आपल्या घरांत कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचा तुकडा टाकतात. तुम्हीही टाका.

कुकर कोरडा जळला असेल तर बुडापेक्षा झाकणाकडं आधी बघा. शिटीची नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का, रबर ताठर किंवा चिरलेलं नाही ना, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला नाही ना. वितळला असेल तर तो त्याचं काम करून गेला. त्याच कंपनीचा नवा बसवून घ्या. भोक कशानं तरी बुजवून ‘चालतंय की’ म्हणू नका.

८. कडेचा चिकट तपकिरी थर, आणि बाहेरून काळं बूड

तांबड्या रश्शाचा कट कडेला उडतो, तिथं तापतो आणि हवेशी संयोग होऊन कडक होतो. याला उकळतं पाणी पोचतच नाही, कारण तो वर आणि बाहेर असतो. स्टील असेल तर खाण्याचा सोडा, थोडं लिक्विड आणि पाणी यांची दाट पेस्ट थापा, वर ओलं फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रात्रभर ठेवा. पेस्ट वाळली की काम थांबतं, म्हणून पिशवी. सकाळी काथ्यानं घासा.

बाहेरचं बूड काजळीनं काळं होत असेल तर दोष शेगडीचा आहे. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. बर्नर गार असताना काढून त्याची भोकं टाचणीनं मोकळी करा.

स्टीलवर इंद्रधनुषी निळे-जांभळे डाग दिसले तर घाबरू नका. ते जास्त तापल्याचे आहेत, घाण नाही. व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या फडक्यानं पुसले की जातात.

९. बाकीची भांडी

लोखंडी कढई, बिडाचा तवा: आधी तेलाचा काळा, तुकतुकीत थर आणि करप यांत फरक करा. तो थर हवा आहे, त्यानंच तवा चिकटत नाही. करप तेवढी काढायची. तवा कोमट असताना जाड मीठ आणि थोडं तेल टाकून काथ्यानं चोळा, पाण्यानं पटकन धुवा, गॅसवर कोरडा करा आणि तेलाचा पुसट हात फिरवा. नवीन सून आली आणि सासूबाईंचा तवा ‘स्वच्छ’ केला, ही भांडणं आमच्या गल्लीत ऐकलेली आहेत.

निर्लेप: कोमट पाणी, लिक्विड, मऊ स्पंज. थोड्या पाण्यात चमचाभर सोडा घालून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवू शकता, पण तवा कडेला उघडा ॲल्युमिनियमचा असेल तर तेही नको. थर सुटायला लागला असेल तर तवा बाद. रिकामा निर्लेप तवा मोठ्या आचेवर विसरू नका. साधारण २६० अंशांच्या पुढं तो थर बिघडायला लागतो, आणि त्याचा धूर पक्ष्यांना मारक असतो. घरात लव्हबर्ड असतील तर स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

कल्हईचं पितळ: चिंच आणि काथ्या, बाकी काही नाही. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं. भांडं कोरडं जळून आत कथलाचे थेंब जमा झाले असतील किंवा पितळ उघडं पडलं असेल तर घासून उपयोग नाही. परत कल्हई करून घ्या, आणि तोवर त्यात आमटी, ताक, चिंचेचं काही ठेवू नका.

१०. हे करू नका

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणं. बघायला झकास, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागं जवळपास खारट पाणी उरतं. वापरायचे तर एकामागून एक, मध्ये भांडं धुऊन.

संडास साफ करायचं ॲसिड. ‘एका मिनिटात निघतं’ असं सांगणारा प्रत्येक इमारतीत एकजण असतो. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि पुढं तिथंच अन्न अडकून करपतं. जेवणाच्या भांड्याला ते लावायचंच नाही. आणि ब्लीच कुठल्याही आम्लाजवळ नेऊ नका, लिंबूसत्वाच्याही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली मोरी केवढीशी असते.

स्टीलच्या पातेल्यात गार पाण्यात मीठ घालून रात्रभर ठेवणं. मिठानंही बारीक खड्डे पडतात. मीठ उकळत्या पाण्यात घालून ढवळावं.

सुरी, स्क्रूड्रायव्हर, करवतीचं पातं. एवढं सांगावं लागू नये, पण बघितलंय.

तारेची घासणी. जाड स्टीलच्या बुडाला, अगदी शेवटी, चालेल. नंतर भांडं दोन पाण्यांनी धुवा, कारण तारेचे तुकडे तुटून राहतात आणि पोटात जाऊ शकतात.

एवढं करूनही स्टीलच्या बुडाला फिकट तपकिरी सावली राहिली, बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागली, तर ती राहू द्या. त्यात भात करा, वरण करा, काही होत नाही. पातेलं मालकीणकाकूंचं असेल आणि ते चकचकीतच परत द्यायचं असेल, तर भांड्यांची पावडर ओल्या फडक्यावर घेऊन दहा मिनिटं चोळा, आणि पातेलं देताना आत मूठभर साखर घालून द्या.